पेनड्राइव्ह, मेमरी कार्ड, सीडी : लावण्याआधी आणि लावल्यानंतर

कळफलक

'पेनड्राइव्हमधले सगळे फोल्डर शॉर्टकट झालेत, काय करू?' हा प्रश्न या विभागात पुन्हा पुन्हा येतो आणि त्याखालचं पहिलं उत्तर ठरलेलं असतं : 'फॉरमॅट मार.' ते वाचलं की जीव तुटतो. त्या ड्राइव्हवर कुणाचा प्रबंध असतो, कुणाच्या आईवडिलांचे जुने फोटो असतात, आणि बहुतेक वेळा ते सगळं जागच्या जागी सुखरूप असतं. फक्त दिसत नसतं. फॉरमॅट मारल्यावर मात्र ते खरंच जातं. शिवाय ज्या कॉम्प्युटरमुळे हे घडलं तो तसाच राहतो, त्यामुळे तोच ड्राइव्ह पुन्हा लावला की पुन्हा तीच गत.

म्हणून हा धागा. एका कॉम्प्युटरमधून काढून दुसऱ्याला लावता येतं ते सगळं यात धरलं आहे : पेनड्राइव्ह, एक्स्टर्नल हार्डडिस्क, मेमरी कार्ड, सीडी-डीव्हीडी.

आधी एक गोष्ट पक्की करू. ड्राइव्हवर व्हायरसची फाइल असणं आणि तो व्हायरस आपल्या कॉम्प्युटरवर चालू होणं, या दोन वेगळ्या घटना आहेत. नुसती पडून असलेली फाइल काहीही करू शकत नाही, ती कुणीतरी चालवावी लागते. पूर्वी हे काम विंडोज स्वतःच करायचं. सीडी घातली की इन्स्टॉलर आपोआप सुरू व्हावा म्हणून विंडोज ९५ पासून 'ऑटोरन' आलं. डिस्कच्या मुळाशी 'ऑटोरन डॉट आयएनएफ' नावाची छोटी मजकूर-फाइल असायची आणि काय चालवायचं ते त्यात लिहिलेलं असायचं. सोय सीडीसाठी होती, पण व्हायरस लिहिणाऱ्यांनी ती पेनड्राइव्हवर वापरली.

२००८ च्या अखेरीस आलेल्या कॉन्फिकर नावाच्या व्हायरसने तर कमाल केली. पेनड्राइव्ह लावल्यावर 'याचं काय करायचं' असं विचारणारी ऑटोप्लेची जी खिडकी उघडते, तिच्यात त्याने स्वतःची एक ओळ घुसवली : 'ओपन फोल्डर टू व्ह्यू फाइल्स'. शेजारी फोल्डरचं तेच ओळखीचं पिवळं चित्र. फरक इतकाच, की ती ओळ 'प्रोग्रॅम इन्स्टॉल करा किंवा चालवा' या मथळ्याखाली होती आणि खरी ओळ त्याच्या खाली. फाइली बघायच्या म्हणून माणूस पहिल्या ओळीवर क्लिक करायचा आणि कॉन्फिकर चालू व्हायचा.

विंडोज ७ पासून मायक्रोसॉफ्टने पेनड्राइव्हवरचं ऑटोरन थांबवलं, आणि फेब्रुवारी २०११ मध्ये एक्सपी आणि व्हिस्टालाही तोच बदल अपडेटमधून दिला. त्यामुळे आजच्या विंडोजवर नुसता पेनड्राइव्ह लावल्याने प्रोग्रॅम आपोआप सुरू होत नाही. सीडी-डीव्हीडीला मात्र ही बंदी लागू नाही. तिथे ऑटोप्ले अजूनही 'सेटअप चालवू का' असं विचारतं.

मग आज व्हायरस चालू कोण करतं? बहुतेक वेळा आपणच, कारण आपल्याला खरी फाइल दिसू दिली जात नाही. विंडोज मूळ स्थितीत फाइलच्या नावाचा शेवटचा तुकडा, म्हणजे एक्स्टेन्शन, लपवून ठेवतं. त्यामुळे 'सहलीचे फोटो डॉट एक्सई' ही प्रोग्रॅमची फाइल पडद्यावर नुसती 'सहलीचे फोटो' अशी दिसते. तिला फोल्डरचं चित्र चिकटवणं व्हायरसवाल्याला एका मिनिटाचं काम. आपण फोल्डर समजून डबल क्लिक करतो. चलाख व्हायरस मागोमाग खरा फोल्डरही उघडून दाखवतो, म्हणजे काही बिघडल्याचा संशयच येऊ नये.

यासाठी सगळ्यांनी आजच एक बदल करा. फाइल एक्सप्लोररमध्ये 'व्ह्यू'मध्ये जाऊन 'फाइल नेम एक्स्टेन्शन्स' आणि 'हिडन आयटम्स' या दोन्हींवर टिक करा. विंडोज ११ मध्ये ते 'व्ह्यू'च्या आत 'शो'मध्ये सापडतील. हे एवढं केलं, तर पुढचं निम्मं काम तुमचे डोळेच करतील. सेटिंग्जमध्ये ऑटोप्लेही बंद करून टाका. विंडोज ११ मध्ये ते 'ब्लूटूथ अँड डिव्हायसेस'मध्ये आहे, विंडोज १० मध्ये 'डिव्हायसेस'मध्ये.

तुमचे अनुभव आणि प्रश्न लिहा, जमेल तशी उत्तरं देतो.

रानवारा

अगदी वेळेवर आलात! माझ्या पेनड्राइव्हचं नेमकं हेच झालंय. प्रिंट काढायला दिला होता, परत आणला तर प्रत्येक फोल्डरच्या चित्रावर तो वाकडा बाण. आत प्रकल्पाचं सगळं काम आहे. ड्राइव्हची जागा मात्र पूर्वीइतकीच भरलेली दिसते. अजून कशावरही क्लिक केलेलं नाही. आता क्रमाने काय करू?

कळफलक

रानवारा, जागा भरलेली दिसतेय म्हणजे फाइली आहेत. काळजी करू नका आणि फॉरमॅट तर अजिबात करू नका.

घडलंय ते असं. व्हायरसने तुमच्या खऱ्या फोल्डरांना 'हिडन' आणि 'सिस्टिम' हे दोन गुणधर्म लावून लपवलंय आणि त्याच नावांचे शॉर्टकट बाहेर मांडलेत. एखाद्या शॉर्टकटवर राइट क्लिक करून 'प्रॉपर्टीज' उघडा (डबल क्लिक नको) आणि 'टार्गेट'ची ओळ वाचा. तिथे तुमच्या फोल्डरचा पत्ता नसेल, कमांड प्रॉम्प्ट (कमांड टाइप करायची काळी खिडकी) किंवा 'डब्ल्यूस्क्रिप्ट' (स्क्रिप्ट, म्हणजे कमांडची यादी, चालवणारा विंडोजचा प्रोग्रॅम) अशा कशाला तरी कामाला लावणारी लांबलचक ओळ असेल. म्हणजे क्लिक केलं की आधी त्यांची स्क्रिप्ट चालणार, मग तुमचा फोल्डर उघडणार.

हा ड्राइव्ह तुमच्या कॉम्प्युटरला लावण्याआधी तिथला अँटिव्हायरस अपडेट करून घ्या. मग ड्राइव्ह लावा, 'धिस पीसी'मध्ये त्याच्यावर राइट क्लिक करा आणि स्कॅन करा. विंडोजचा स्वतःचा डिफेंडर असेल तर हे मुद्दाम करावंच लागतं, कारण त्याच्या फुल स्कॅनमध्ये काढता-घालता येणारे ड्राइव्ह मूळ सेटिंगनुसार धरलेले नसतात. फाइल उघडताना तो तपासतो, ते वेगळं.

स्कॅन झाल्यावर शॉर्टकट उरले असतील तर तेवढेच पुसा. मग कमांड प्रॉम्प्ट उघडा, ड्राइव्हचं अक्षर आणि विसर्गासारखे दोन ठिपके टाइप करून एंटर दाबा, म्हणजे तुम्ही त्या ड्राइव्हवर गेलात. आता 'अॅट्रिब' ही कमांड द्यायची. सगळं रोमन लिपीत टाइप करायचं आहे, पण अक्षरं सांगतो : ए टी टी आर आय बी, जागा सोडा, उणे एच, जागा, उणे आर, जागा, उणे एस, जागा, तिरकी रेघ एस, जागा, तिरकी रेघ डी, जागा, आणि शेवटी तारा-टिंब-तारा. एंटर दाबून थांबा. फाइली खूप असतील तर वेळ लागतो.

यानंतर फोल्डर दिसू लागतील. सगळे दिसले नाहीत, तर ड्राइव्हवर एखादा बिननावाचा फोल्डर आहे का ते पाहा. काही व्हायरस सगळ्या फाइली एका फोल्डरमध्ये हलवतात आणि त्याला नाव म्हणून न दिसणारी मोकळी जागा देतात. तो उघडा, आत सगळं असतं. 'सिस्टिम व्हॉल्युम इन्फर्मेशन' नावाचा फोल्डर दिसला तर दचकू नका, तो विंडोजचाच आहे.

रानवारा

सापडलं! बिननावाच्या फोल्डरमध्येच होतं सगळं. टार्गेटच्या ओळीत तुम्ही म्हणालात तसं 'डब्ल्यूस्क्रिप्ट'च होतं. सगळं काम हार्डडिस्कवर उतरवून घेतलंय. खूप खूप आभार.

कळफलक

फार बरं वाटलं. आता एक चाचणी नक्की करा. हिडन फाइली दिसत असताना एक पूर्ण रिकामा पेनड्राइव्ह कॉम्प्युटरला लावा, थोडा वेळ ठेवा, काढा, पुन्हा लावा आणि बघा. त्यावर आपोआप शॉर्टकट, स्क्रिप्ट किंवा एक्सई आलं असेल तर तुमच्या कॉम्प्युटरलाही लागण झाली आहे. असे व्हायरस मेमरीत बसून नवा ड्राइव्ह कधी लागतो याची वाट बघत असतात. तसं असेल तर विंडोज सिक्युरिटीमधलं 'ऑफलाइन स्कॅन' चालवा. त्यात कॉम्प्युटर रीस्टार्ट होतो आणि विंडोज पूर्ण उघडण्याआधीच तपासणी होते, त्यामुळे व्हायरसला लपायला वाव राहत नाही.

जुनीखिडकी

उत्तम धागा. हा प्रश्न पेनड्राइव्हच्या कितीतरी आधीचा आहे, म्हणून थोडं मागचं सांगतो.

१९८२ मध्ये ॲपल टू वर फिरलेला 'एल्क क्लोनर' फ्लॉपीवरूनच पसरायचा. तो लिहिणारा शाळकरी मुलगा होता. १९८६ मध्ये आयबीएम पीसीसाठीचा 'ब्रेन' आला, तो लाहोरच्या दोन भावांनी लिहिलेला. हे दोघेही फ्लॉपीच्या बूट सेक्टरमध्ये, म्हणजे कॉम्प्युटर सुरू होताना सर्वांत आधी वाचल्या जाणाऱ्या भागात, राहायचे. आमच्या पिढीची एक समजूत तेव्हा लोकांना फार महागात पडली : 'या फ्लॉपीवर फक्त पत्रं आहेत, प्रोग्रॅम एकही नाही, मग व्हायरस कसा येईल?' पण बूट सेक्टर प्रत्येक फ्लॉपीवर असतो, पत्रांच्या फ्लॉपीवरही. रात्री फ्लॉपी ड्राइव्हमध्येच राहिली, सकाळी कॉम्प्युटर सुरू केला, पडद्यावर 'ही सिस्टिम डिस्क नाही' असा निरोप आला, की आपण फ्लॉपी काढून पुढे जायचो. तो निरोप पडद्यावर येईपर्यंत बूट सेक्टर चालून गेलेला असायचा. दरवर्षी ६ मार्चला डेटा उडवणारा मायकेलअँजेलो असाच पसरला होता.

आजही कॉम्प्युटर सुरू करताना कुणाचाही पेनड्राइव्ह लावलेला ठेवू नये. कॉम्प्युटरच्या बायोस सेटअपमध्ये बूटचा, म्हणजे सुरू होण्याचा, पहिला क्रमांक आतल्या डिस्कला द्यावा आणि खात्रीचं नसलेलं काही बूट होऊ न देणारं 'सिक्युअर बूट' चालू ठेवावं.

निळीशाई

मी विंडोजऐवजी लिनक्स वापरते. माझ्याकडे हे शॉर्टकट, एक्सई वगैरे नुसते पडून असतात, लपवलेले फोल्डरही सरळ दिसतात. मैत्रिणींचे पेनड्राइव्ह मीच साफ करून देते. तर साधा उपाय हाच नाही का, की संशय असलेला ड्राइव्ह आधी लिनक्सवर उघडावा?

कळफलक

चांगला उपाय आहे, निळीशाई, आणि ज्यांना जमेल त्यांनी जरूर करावा. लिनक्स इन्स्टॉल करायचीही गरज नाही, 'लाइव्ह' ड्राइव्हवरून कॉम्प्युटर सुरू करून आतली फाइल बघता येते. फक्त एवढं लक्षात ठेवा, की विंडोजचा व्हायरस तुमच्याकडे चालला नाही तरी कॉपी होतो. पूर्ण फोल्डर उचलून तुम्ही पुढे दिलात तर तोही सोबत जातो. फोन आणि कॅमेऱ्यातल्या कार्डाचंही तसंच. कॅमेऱ्यात काही चालत नाही, पण तेच कार्ड चार कॉम्प्युटरमधून फिरून येतं.

तळटीप

मी एका कार्यालयाच्या कॉम्प्युटर विभागात आहे. वर जे लिहिलंय ते सगळं खरं आहे, पण दोन गोष्टी त्यात नाहीत आणि त्या सांगितल्याशिवाय हा धागा अपुरा राहील.

पहिली म्हणजे, 'मी कशावरही क्लिक करत नाही, मला काय होणार' हा भरवसा पुरेसा नाही. २०१० मध्ये स्टक्सनेट उघडकीला आला. इराणच्या नतान्झ इथल्या युरेनियम समृद्धीकरण केंद्रातल्या यंत्रांना लक्ष्य करणारा हाच तो. पेनड्राइव्हवरून शिरण्यासाठी त्याने विंडोजमधली तेव्हा कुणाला माहीत नसलेली त्रुटी वापरली होती. शॉर्टकटचं चित्र पडद्यावर दाखवण्यासाठी विंडोज ज्या पद्धतीने फाइल वाचतं, तिच्यातच ती त्रुटी होती. म्हणजे फोल्डर उघडून नुसती यादी बघितली तरी लागण. ऑटोरन बंद असून उपयोग नाही, क्लिक न करून उपयोग नाही. मायक्रोसॉफ्टने ऑगस्ट २०१० मध्ये त्यासाठी अपडेट दिलं, पण ते अपुरं निघालं आणि मार्च २०१५ मध्ये पुन्हा दुरुस्ती द्यावी लागली. अपडेट पुढे ढकलणाऱ्यांच्या कॉम्प्युटरवर ती त्यानंतरही उघडीच राहिली. म्हणून विंडोज अपडेट बंद करून ठेवणाऱ्यांना मी हात जोडून सांगतो : ते चालू करा. विशेषतः जो कॉम्प्युटर इंटरनेटला जोडलेलाच नाही, त्याच्याकडे सगळे दुर्लक्ष करतात, आणि तिथे बाहेरचं जे काही येतं ते पेनड्राइव्हनेच येतं. २००८ मध्ये आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकातल्या लॅपटॉपवर गॅमिमा नावाचा व्हायरस सापडल्याचं नासाने मान्य केलं होतं. तो ड्राइव्हवरून पसरणाराच होता.

दुसरी गोष्ट सापडलेल्या पेनड्राइव्हची. अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठाच्या आवारात संशोधकांनी २९७ पेनड्राइव्ह मुद्दाम टाकून ठेवले होते. त्याचा निबंध २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातल्या ४५ टक्के ड्राइव्हवरच्या फाइली लोकांनी उघडल्या, आणि पहिला ड्राइव्ह तर सहा मिनिटांच्या आत कुणीतरी लावला होता. बहुतेकांनी कारण काय सांगितलं? मालक शोधून वस्तू परत करायची होती. मला या निबंधातलं हेच सर्वांत जास्त लागलं. माणसं वाईट हेतूने फसत नाहीत, चांगुलपणाने फसतात. त्यामुळे कार्यालयात कुणी असा ड्राइव्ह लावला तर त्याला रागावू नये, नाहीतर पुढच्या वेळी तो सांगणारच नाही. सापडलेला ड्राइव्ह न लावता कॉम्प्युटर विभागाकडे किंवा हरवलेल्या वस्तूंच्या ठिकाणी द्यायचा, एवढंच सगळ्यांना आधी सांगून ठेवावं.

पाऊलवाट

तळटीप, सापडलेला ड्राइव्ह लावला आणि ताबडतोब फॉरमॅट केला तर? आतलं काही बघायचंच नाही, फक्त वापरायला घ्यायचा.

तळटीप

नाही, पाऊलवाट. २०१४ च्या ब्लॅक हॅट या कॉम्प्युटर-सुरक्षा परिषदेत कार्स्टन नोल आणि याकोब लेल या संशोधकांनी 'बॅडयूएसबी' दाखवलं ते याचसाठी. पेनड्राइव्हमध्ये फाइली साठवणाऱ्या चिपबरोबर एक छोटा कंट्रोलर असतो आणि त्याचं स्वतःचं फर्मवेअर, म्हणजे त्याच्या आतच बसवलेला प्रोग्रॅम, असतं. काही ड्राइव्हचं हे फर्मवेअर बदलता येतं. मग तो ड्राइव्ह कॉम्प्युटरला सांगतो, 'मी कीबोर्ड आहे.' कॉम्प्युटर कीबोर्डवर विश्वास ठेवतो, त्याने ठेवायलाच हवा. आणि तो 'कीबोर्ड' क्षणात कमांड टाइप करून मोकळा होतो. फॉरमॅटने साठवणीची जागा पुसली जाते, फर्मवेअर तसंच राहतं. अँटिव्हायरसलाही ते वाचता येत नाही.

काही वस्तू तर दिसायला पेनड्राइव्ह असतात आणि आत साठवणच नसते. लावल्यावर वीज साठवून ती उलट पोर्टमध्ये सोडायची आणि कॉम्प्युटर जाळायचा, एवढंच त्यांचं काम. जानेवारी २०२२ मध्ये एफबीआयने इशारा दिला होता, की अमेरिकेतल्या कंपन्यांना भेटवस्तू किंवा सरकारी सूचना असल्याचं भासवून असे बॅडयूएसबी ड्राइव्ह टपालाने पाठवले जात आहेत.

कुठलाही ड्राइव्ह लावल्यावर काळी खिडकी क्षणभर चमकून गेली, किंवा 'नवा कीबोर्ड जोडला' असा निरोप आला, तर ड्राइव्ह लगेच उपटा, इंटरनेट तोडा आणि मग तपासा. अशा वेळी 'सेफली रिमूव्ह' करत बसू नका.

सांजवेळ

इतकं वाचून भीती वाटायला लागली. माझ्याकडे पैसे भरून घेतलेला अँटिव्हायरस आहे, तो दर ड्राइव्ह लावल्यावर विचारतो 'स्कॅन करू का', मी 'हो' म्हणते. तेवढं पुरे नाही का?

कळफलक

सांजवेळ, घाबरू नका. तळटीप यांनी सांगितलेलं बॅडयूएसबी हे मुख्यतः अनोळखी ड्राइव्हचं संकट आहे. ओळखीच्या माणसाकडून आलेल्या ड्राइव्हवर आपल्याला भेटतात ते साधे शॉर्टकट आणि एक्सईवाले व्हायरसच, आणि ते अद्ययावत अँटिव्हायरस बऱ्यापैकी पकडतो. तुमची सवय चांगली आहे, ती सोडू नका.

पण स्कॅनमधून सुटणारी एक गोष्ट सांगतो, कारण तिच्याबद्दल फार कुणी बोलत नाही. इंटरनेटवरून उतरवलेल्या फाइलवर विंडोज एक न दिसणारी खूण करून ठेवतं, 'ही बाहेरून आली आहे' अशी. त्या खुणेमुळेच वर्डची फाइल आधी 'प्रोटेक्टेड व्ह्यू'मध्ये उघडते आणि अनोळखी इन्स्टॉलर चालवताना निळी सूचना येते. २०२२ पासून मायक्रोसॉफ्ट ऑफिसमध्ये बाहेरून आलेल्या फाइलींचे मॅक्रो, म्हणजे फाइलमध्येच घातलेले छोटे प्रोग्रॅम, मुळातच बंद ठेवले जातात, तेही याच खुणेवरून ठरतं.

ही खूण एनटीएफएस पद्धतीने फाइली साठवणाऱ्या डिस्कवरच टिकते. बहुतेक पेनड्राइव्ह फॅट३२ किंवा एक्सफॅट पद्धतीचे असतात. म्हणजे मित्राने ईमेलमधून आलेली एक्सेल फाइल पेनड्राइव्हवर घातली की खूण गळून पडली. तुमच्याकडे ती उघडल्यावर विंडोजला वाटतं, ही घरचीच फाइल आहे. ईमेलने आली असती तर मॅक्रो सरळ अडवले गेले असते. पेनड्राइव्हने आली म्हणून फक्त 'एनेबल कंटेंट'चं बटण दिसतं आणि आपण ते सवयीने दाबतो. पेनड्राइव्हवरून आलेल्या वर्ड-एक्सेल फाइलमध्ये ते बटण दिसलं, तर पाठवणाऱ्याला फोन करून विचारा : 'यात मॅक्रो तूच घातलेत का?' नाही म्हणाला तर बटण दाबायचं नाही.

जुनीखिडकी

हे माहीत नव्हतं, कळफलक. ईमेलपेक्षा हातातून हातात आलेली फाइल सुरक्षित, असंच मी आजवर सगळ्यांना सांगत होतो.

पाऊलवाट

बाहेर प्रिंट काढायला, सादरीकरणाला ड्राइव्ह द्यावाच लागतो. मी पेनड्राइव्हवर 'ऑटोरन डॉट आयएनएफ' याच नावाचा एक फोल्डर करून ठेवतो. त्या नावाचा फोल्डर असला की व्हायरसला त्या नावाची फाइल करता येत नाही. कॅमेऱ्याच्या कार्डाची ती छोटी कळही 'लॉक'वर सरकवतो. हे पुरेसं आहे ना?

कळफलक

फोल्डरची युक्ती जुनी आहे आणि काही काळ उपयोगी पडली. पण फोल्डर पुसता येतो, त्याचं नाव बदलता येतं, आणि आजचे शॉर्टकटवाले व्हायरस ऑटोरनच्या वाटेला जातच नाहीत. ठेवलात तर तोटा नाही, भिस्त मात्र ठेवू नका.

एसडी कार्डाच्या कळीबद्दल नीट समजून घ्या. ती कार्डाच्या आतल्या सर्किटला जोडलेली नसते. रीडर ती कुठल्या बाजूला आहे ते बघतो आणि 'लिहायचं नाही' हा नियम पाळतो. पाळणं न पाळणं रीडरच्या हाती. तुमचा रीडर पाळेल, दुसऱ्याचा पाळेलच असं नाही. काही पेनड्राइव्हना मात्र लिखाण खरोखर बंद करणारी कळ असते, ती कंट्रोलरच सांभाळतो. वारंवार बाहेर द्यावा लागत असेल तर तसा ड्राइव्ह शोधून घ्या, पैसे वाया जाणार नाहीत.

माझी स्वतःची पद्धत साधी आहे. बाहेर जाणारा ड्राइव्ह वेगळा, आणि त्यावर फक्त त्या दिवशीची पीडीएफ. दुसरं काहीच नाही. परत आला की त्यावरून काहीही घरच्या कॉम्प्युटरवर उतरवायचं नाही, सरळ फॉरमॅट. इथे फॉरमॅट योग्य आहे, कारण गमावण्यासारखं त्यावर काही नाही. देवाणघेवाण एकाच दिशेची ठेवली, की निम्मे प्रश्न उगवतच नाहीत. ईमेलने किंवा क्लाउडवरून पीडीएफ पाठवता येत असेल तर ड्राइव्ह देऊच नका.

सांजवेळ

मग बॅकअपची हार्डडिस्क? ती माझ्या कॉम्प्युटरला कायम जोडलेलीच असते. ती कुणाला देत नाही, म्हणजे सुरक्षित ना?

तळटीप

कृपया आजच काढून ठेवा, सांजवेळ. रॅन्समवेअर, म्हणजे खंडणीसाठी फाइली अडकवणारा व्हायरस, कॉम्प्युटरमध्ये शिरला तर जी जी डिस्क दिसेल तिच्यावरच्या फाइली कुलूपबंद करतो. जोडलेला बॅकअप मूळ प्रतीबरोबरच जातो. बॅकअप घेण्यापुरती जोडा, झाला की नीट 'इजेक्ट' करून काढा. शक्य असेल तर दोन डिस्क आलटून पालटून वापरा, आणि बॅकअपची डिस्क दुसऱ्याच्या कॉम्प्युटरला कधीही लावू नका, 'एक सिनेमा कॉपी करून देतो' म्हणूनसुद्धा नाही.

निळीशाई

सीडीबद्दल कुणी फार लिहिलं नाही. घरात जुन्या लिहिलेल्या सीडींचा मोठा साठा आहे, वडिलांनी जपलेला. त्या आता एकत्र हार्डडिस्कवर घ्यायच्यात. सीडीवर नंतर व्हायरस चढूच शकत नाही ना?

जुनीखिडकी

याचं उत्तर मी देतो. एकदा लिहून 'फायनलाइझ' (पुढचं लिखाण बंद) केलेल्या सीडी-आर वर पुढे कुणालाच काही लिहिता येत नाही, व्हायरसलाही नाही. या बाबतीत ती पेनड्राइव्हपेक्षा कितीतरी भरवशाची. पुन्हा पुन्हा लिहिता येणारी आरडब्ल्यू डिस्क आणि फायनलाइझ न करता सेशन उघडं ठेवलेली डिस्क यांना हे लागू नाही.

पण त्याची दुसरी बाजूही आहे. लिहिताना कॉम्प्युटरला लागण असेल तर व्हायरसही कायमचा कोरला जातो. अँटिव्हायरस ओरडेल, 'साफ करतो' म्हणेल, आणि त्याला ते जमणार नाही, कारण डिस्कवरचं पुसताच येत नाही. म्हणून जुनी सीडी लावल्यावर ऑटोप्लेची खिडकी बंद करा, एक्सप्लोररमधून आत जा, आणि फक्त हवे ते फोटो, कागदपत्रं, गाणी कॉपी करा. सगळी सीडी एका झटक्यात उचलू नका. एक्सई, स्क्रिप्ट, ऑटोरनची फाइल, जुने 'फुकट सॉफ्टवेअर'चे फोल्डर तिथेच राहू द्या. कॉपी झाल्यावर तो फोल्डर आजच्या अँटिव्हायरसने तपासा. तेव्हाच्या अँटिव्हायरसला न सापडलेलं आजच्याला सापडतं.

विकत घेतलेली अस्सल सीडी म्हणून निर्धास्त राहू नका. २००५ मध्ये सोनी बीएमजीच्या काही संगीत-सीडींमधून कॉपी रोखणारं सॉफ्टवेअर कॉम्प्युटरमध्ये रूटकिटसारखं, म्हणजे विंडोजलाही दिसणार नाही असं, लपून बसत असल्याचं उघड झालं. ठरावीक अक्षरांनी सुरू होणारी कुठलीही फाइल ते लपवायचं, आणि इतर व्हायरसांनी त्याच आडोशाचा फायदा घेतला. कंपनीला त्या सीडी बाजारातून परत मागवाव्या लागल्या.

कळफलक

यात एक जोड. आता सीडीऐवजी आयएसओ फाइली, म्हणजे अख्ख्या डिस्कची एकाच फाइलमधली प्रत, फिरतात. विंडोज ८ पासून आयएसओवर डबल क्लिक केलं की ती खऱ्या डिस्कसारखी उघडते. बाहेरून आल्याची जी खूण मी वर सांगितली, ती आयएसओच्या आतल्या फाइलींना लागतच नव्हती. मायक्रोसॉफ्टने नोव्हेंबर २०२२ मध्ये त्यात सुधारणा केली. तरी ईमेलने आलेली आयएसओ उघडायचं काहीही कारण नसतं. बिल, बायोडेटा, छायाचित्र यांना कुणी आयएसओमध्ये घालत नाही.

अक्षरवेल

मी संगणक शिक्षिका आहे. प्रयोगशाळेत मुलं रोज आपापले पेनड्राइव्ह लावतात. एकाचा ड्राइव्ह बिघडला की आठवड्याभरात सगळ्यांचे बिघडतात. बंदी घातली तर मुलांना काम घरी नेता येत नाही. मशीनवर विंडोज प्रो आहे. काय करता येईल?

तळटीप

बंदी नका घालू, अक्षरवेलताई. प्रो आहे म्हणजे ग्रुप पॉलिसी, मशीनवर काय चालावं याचे नियम ठरवणारी विंडोजची सोय, हाताशी आहे. 'कॉम्प्युटर कॉन्फिगरेशन'मधल्या 'ॲडमिनिस्ट्रेटिव्ह टेम्प्लेट्स'मध्ये 'सिस्टिम', त्यात 'रिमूव्हेबल स्टोरेज ॲक्सेस'. तिथे 'रिमूव्हेबल डिस्क्स : डिनाय एक्झिक्यूट ॲक्सेस' चालू करा. मुलांना फाइली वाचता येतील, लिहिता येतील, पण पेनड्राइव्हवरून एक्सई चालणार नाही. तिथेच शेजारी सीडी-डीव्हीडीसाठीही तशीच पॉलिसी आहे.

स्क्रिप्टचा रस्ता याने बंद होत नाही, कारण शॉर्टकट आतल्या डिस्कवरच्या 'डब्ल्यूस्क्रिप्ट'ला बोलावतो आणि ते ड्राइव्हवरची स्क्रिप्ट फक्त वाचतं. मुलांच्या अभ्यासाला लागत नसेल तर रजिस्ट्रीतून (विंडोजच्या आतल्या सेटिंग्जच्या नोंदवहीतून) 'डब्ल्यूस्क्रिप्ट'मागचं 'विंडोज स्क्रिप्ट होस्ट' बंद करा. मुलांची खाती 'स्टँडर्ड' ठेवा, ॲडमिनचा पासवर्ड फळ्यावर नको. एक्स्टेन्शन आणि हिडन फाइली सगळ्या मशीनवर दिसू द्या, म्हणजे मुलं स्वतःच ओळखायला लागतील. खरं तर हे त्यांना तासाला शिकवाच.

अक्षरवेल

धन्यवाद! पॉलिसी लावली, दोन मशीनवर करून पाहिलं, एक्सई अडवलं जातंय. अँटिव्हायरस पेनड्राइव्ह खरंच तपासतो आहे की नाही, हे खरा व्हायरस न आणता कसं बघू?

तळटीप

त्यासाठी 'आयकार' नावाची चाचणी-फाइल मिळते. ६८ अक्षरांची एक ओळ असते, पूर्ण निरुपद्रवी, पण तिला व्हायरस समजायचं असं अँटिव्हायरस बनवणाऱ्यांनी आपसांत ठरवलेलं आहे. आयकार संस्थेच्या स्वतःच्या संकेतस्थळावरूनच घ्या, दुसरीकडून नको. उतरवतानाच तुमचा अँटिव्हायरस तिला पकडेल. म्हणून ती ओळ अँटिव्हायरस नसलेल्या मशीनवर नोटपॅडमध्ये चिकटवून पेनड्राइव्हवर सेव्ह करा. मग तो ड्राइव्ह प्रयोगशाळेतल्या प्रत्येक मशीनला लावून फाइल उघडायचा प्रयत्न करा. ज्या मशीनवर ती गपचूप उघडेल, तिथला अँटिव्हायरस बंद आहे किंवा बिघडला आहे. आधी ते मशीन बाजूला काढा.